कंपनीचा सीएसआर आणि गावातलं नाव

गोदाकाठी (धागाकर्ता)

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्याच्या मालकांनी परवा मला सरळच विचारलं, "सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामाचे, कायद्याने लागतात तेवढे पैसे दरवर्षी देतो. शाळा रंगवल्या, दप्तरं वाटली, झाडं लावली. शेजारच्या कंपनीचं नाव होतं, आमचं का होत नाही?" माणूस सरळ आहे, म्हणून प्रश्न टोलवला नाही. सोमवारी त्यांच्याकडे बसायचं ठरलंय. त्याआधी इथल्या मंडळींची मतं हवीत.

मी नोकरी सगळी एचआरमध्ये केली. निवृत्तीनंतर पेठ-सुरगाणा तालुक्यांत काम करणाऱ्या एका संस्थेला कंपन्यांसाठीचे प्रस्ताव लिहून देतो. त्यामुळे देणाऱ्यांची कुरकुर आणि घेणाऱ्यांची अडचण, दोन्ही कानावर येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. नाशकात कंपनीची पत पूर्वी लग्नाच्या बोलणीत ठरायची. मुलगा मायकोत आहे, नोटांच्या प्रेसमध्ये आहे, विमानांच्या एचएएलला आहे, एवढं कळलं की मुलीचे वडील पुढचं विचारायचेच नाहीत. मायकोची २००८ मध्ये कागदोपत्री बॉश झाली, तरी त्र्यंबक रोडवरचं सर्कल आजही मायको सर्कलच आहे. त्या काळी सीएसआर हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पगार तारखेला व्हायचा, कँटीन बरं असायचं, आजारपणात कंपनी पाठीशी उभी राहायची. नाव तिथून झालं.

तर माझं म्हणणं असं, की कंपनीचं नाव गेटवर होतं आणि गेटवरच जातं. सीएसआर फार तर ते नाव लांबवर पोहोचवतो. गेटवर वास येत असेल तर सीएसआरमुळे लोक उलट जास्त चिडतात. चुकत असेल तर सांगा.

सिन्नरकर

खुर्ची टाकून बसलो आहे. आमच्या गावच्या शाळेला मिळालेल्या बाकांपेक्षा उद्घाटनाचा फ्लेक्स लांब होता, एवढी भर घालतो आणि गप्प बसतो.

देवळालीचा_सीए

काका, आधी कायदा बघू, कारण निम्मे मालक "दोन टक्के" एवढंच ऐकून असतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेघ ओलांडली की कंपनी त्यात आली. अंबड-सातपूरकडचे आमचे बहुतेक अशील तिसऱ्या रेघेने येतात. खर्च करायचा तो आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. सरासरी सहा कोटी असेल तर बारा लाख. ही रक्कम ५० लाखांच्या आत असली तर वेगळी सीएसआर समिती नेमायचीही गरज नाही, संचालक मंडळानेच ठरवायचं. मध्यम कंपनीत मंडळ म्हणजे मालक, त्यांची मिसेस आणि धाकटा भाऊ. बारा लाख कुठे जाणार हे जेवणाच्या टेबलावर ठरतं.

केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. राजकीय पक्षाला दिलेली देणगी नाही, धंद्याचाच भाग असलेलं काम नाही, आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही नाही. हे शेवटचं २०२१ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय. वर हा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजाही मिळत नाही. तेव्हा मालक वैतागून "मग निदान नाव तरी होऊ दे" म्हणतात, ते मला समजतं.

रक्कम काही थोडीथोडकी नाही. पहिल्या वर्षी, २०१४-१५ ला, देशभरात दहा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला होता. २०२२-२३ मध्ये तो तीस हजार कोटींना टेकला. राज्यांत सगळ्यात जास्त वाटा आपल्या महाराष्ट्राचा.

आता गंमत बघा. २०२१ पर्यंत खर्च नाही केला तर अहवालात कारण लिहिलं की भागायचं. आता तसं चालत नाही. चालू प्रकल्पाचा उरलेला पैसा ३० एप्रिलच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा आणि तीन वर्षांत खर्चायचा. तसा प्रकल्पच हाती नसेल तर सप्टेंबरअखेर पंतप्रधान मदत निधीसारख्या ठरवून दिलेल्या फंडात भरून मोकळं व्हायचं. चुकवलं तर भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातलं जे कमी असेल तेवढा दंड. म्हणून फेब्रुवारीत सगळे जागे होतात.

रानवाट

फेब्रुवारीतले फोन आम्हाला पाठ झालेत. "मॅडम, आठ लाख आहेत, मार्चच्या आत काय बसेल?" आठ लाखांत मार्चच्या आत बसतं ते म्हणजे वाटप. दप्तरं, सायकली, वॉटर प्युरिफायर. म्हणून सगळीकडे वाटपच दिसतं.

मी सुरगाण्याकडे काम करते. एक उदाहरण देते, कंपनीचं नाव विचारू नका.

पाऊस आमच्याकडे नाशिक शहराच्या कितीतरी पट पडतो. पण सगळा काळा दगड आणि उतार. पाणी नार-पारच्या खोऱ्यातून पश्चिमेला निघून जातं. मार्च उजाडला की बायका झिऱ्यावर बसून वाटीवाटीने हंडा भरतात. अशा एका पाड्यावर कंपनीने विहिरीला सौर पंप बसवला. वर पाच हजार लिटरची काळी टाकी, खाली चार नळ, बाजूला संगमरवरी पाटी. काम चांगलं होतं, पाइप हलका वापरलेला नव्हता. दोन उन्हाळे बायका त्या नळांवर हसत-भांडत होत्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात कंट्रोलर गेला. कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि पंप यांच्या मधली पेटी. वीज पडली म्हणा, उंदराने वायर कुरतडली म्हणा, नक्की काय झालं कुणी सांगत नाही. दुरुस्तीवाला नाशिकहून यायला तयार होता, पण त्याचं भाडं आणि नवी पेटी मिळून होणारी रक्कम पाड्याकडे नव्हती. ग्रामपंचायत म्हणाली, टाकी आमच्या रजिस्टरला नाही. कंपनी म्हणाली, प्रोजेक्ट क्लोज झाला. सौरवाल्याची वॉरंटी संपलेली.

त्या टाकीला पाड्यावर कंपनीच्याच नावाने ओळखतात. "अमुक भरली का?" "अमुकवर जाऊन येते." आता "अमुक कोरडी आहे". ज्या कंपनीचं नावही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, ते नाव आज अख्खा पाडा रोज घेतो. कोणत्या शब्दांसोबत घेतो, ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

आणि हो, लोकांची गरज काय हे विचारायला पाहणी झाली होती. जानेवारीत. तेव्हा अर्धा पाडा दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत मजुरीला गेलेला. घरी म्हातारी माणसं आणि पोरं. अहवालात मात्र "ग्रामस्थांशी सविस्तर चर्चा" असं छापून आलं.

सिन्नरकर

गप्प बसणार होतो, पण रानवाट ताईंना +१००.

फाटक्या_खिशाचा

सगळेच भावुक झालात. मी जरा वेगळं बोलतो.

सीएसआरमुळे कंपनीचं नाव होतं हाच मुळात गैरसमज आहे. गिऱ्हाईक भाव बघतं, सर्व्हिस बघतं. फोक्सवॅगन घ्या. २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी यादीत, म्हणजे जबाबदारीने धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या यादीत, मोटार उद्योगात पहिली आली होती. त्याच सप्टेंबरात बाहेर आलं, की डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर धुराच्या चाचणीपुरतं गाडीला शहाणी करायचं आणि रस्त्यावर मोकळं सोडायचं. ऑक्टोबरमध्ये यादीतून नाव काढलं. आपल्याकडची सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी बघा. २००८ ला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार, जानेवारी २००९ ला तिचे संस्थापक रामलिंग राजूंची कबुली, की हिशेबातले हजारो कोटी मुळात नव्हतेच. पुरस्कार परत घ्यायची वेळ आली.

मुद्दा इतकाच, की चांगुलपणाचं सर्टिफिकेट सगळ्यात जास्त त्यालाच लागतं ज्याच्याकडे लपवायला काही असतं. तुमच्या मालकांना सांगा, बारा लाख द्या आणि विसरून जा. नाव हवं असेल तर रेडिओवर जाहिरात करा.

देवळालीचा_सीए

सत्यमची गोष्ट अर्धी सांगितलीत. १०८ रुग्णवाहिका आठवा. ती सेवा चालवणारी ईएमआरआय संस्था राजूंनीच २००५ मध्ये हैदराबादेत सुरू केली. सत्यम बुडाली तेव्हा ती जीव्हीके समूहाने चालवायला घेतली, गाड्या धावत राहिल्या, आणि १०८ हा नंबर पुढे राज्याराज्यांत गेला. आपल्याकडे २०१४ पासून आहे, चालवणारे वेगळे. आज रात्री दोन वाजता १०८ फिरवणाऱ्या कुणाच्या डोक्यात सत्यम येतं का? कामाचं नाव राहिलं, कंपनीचं गेलं. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

तिसरी_शिफ्ट

बरोबर बोललात सीए साहेब. मी त्याच दोन खात्यांचा अनुभव सांगतो.

आमच्या कंपनीत कायम कामगार मोजके, बाकी सगळे ठेकेदाराचे. तीच मशीन, तेच काम, पण ठेकेदार बदलला की नवं कार्ड आणि सर्व्हिस पुन्हा शून्यापासून. पगार कधी दहाला, कधी पंधराला. दिवाळीला कायमवाल्यांना बोनस, आम्हाला सोनपापडीचा बॉक्स.

माझी पुतणी ज्या शाळेत आहे तिथे आमच्याच कंपनीने संगणकाची खोली करून दिली. चांगली केली, खोटं कशाला बोलू. पोरं खूश आहेत, दर वर्षी कुणीतरी येऊन यूपीएसची बॅटरीही बघून जातं. पण त्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे बाप आमच्याबरोबर लाइनवर उभे असतात. उद्घाटनाच्या दिवशी साहेब बोलले, "ही मुलं आमचीच आहेत." मागे उभा असलेला एक बाप हळूच म्हणाला, "मग आम्ही कुणाचे?"

लोक शाळेला नावाजतात. कंपनीचा विषय निघाला की पगाराची तारीख काढतात.

गोदाकाठी

तिसरी_शिफ्ट, हे मी सोमवारी जसंच्या तसं सांगणार आहे. तुमचं किंवा कंपनीचं नाव अर्थातच येणार नाही.

फाटक्या_खिशाचा, रेडिओचा सल्ला पोहोचवतो, पण तुमचं "विसरून जा" मला पटत नाही. दिलेलं लोक विसरत नाहीत ना, वरची टाकी बघा की.

पाणवठा

गेटइतकंच नाल्याचंही बघा. नासर्डीला कागदोपत्री नंदिनी म्हणतात. सातपूर-अंबडच्या अंगाने वाहत ती पुढे गोदावरीला मिळते. गोदेच्या घाणीत शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळे ऊठसूट कारखान्यांच्या नावाने बोटं मोडणं मला मान्य नाही. पण सुट्टीच्या दिवशी पहाटे फेसाळ पाणी दिसलं की आसपासच्या वस्तीत कुणी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसत नाही. कुठल्या गटारातून आलं हे पोरंसोरंही दाखवतात.

आणि त्याच काठावर नदी स्वच्छता मोहीम! सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, टोप्या, हातमोजे. दोन तासांत प्लास्टिक गोळा करून फोटो, मग मिसळ. गोळा केलेल्या पिशव्या आठवडाभर काठावरच, घंटागाडीला कुणी कळवलंच नव्हतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने आता अशा मोहिमांना ऊत येईल. ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, रात्री चालू ठेवा, बाकी काही केलं नाही तरी नाव निघेल.

फाटक्या_खिशाचा

ती मोहीम कुणाची होती ते मला माहीत आहे. तीच ना, पपया नर्सरीच्या अलीकडची…

संपादक मंडळ

कंपन्यांची नावं किंवा ओळखू येतील अशा खुणा देऊन आरोप करू नयेत. वरच्या प्रतिसादातला पुढचा मजकूर काढला आहे. चर्चा चांगली चालली आहे, ती तशीच चालू द्या.

टूलरूम

उशिरा आलो, माफी. आमचं छोटं वर्कशॉप अंबडलाच, मोठ्या कंपन्यांना पार्ट देतो. सीएसआरच्या कुठल्याच रेघेत आम्ही बसत नाही. पण नाव आम्हालाही लागतं, आणि ते कसं मोजतात हे गेल्या काही वर्षांत बदललंय, त्यावर लिहितो.

आधी गिऱ्हाईक तीनच गोष्टी बघायचं. रेट, क्वालिटी, डिलिव्हरी. आता ऑर्डरच्या आधी एक लांबलचक फॉर्म येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केला. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांचे हक्क पाळले जातात का हे बघायला लावणारा, कायदा लावला. वरच्यांना विचारणा झाली की ते आम्हाला विचारतात. फॉर्ममध्ये काय असतं? ओव्हरटाइमची नोंद. ठेकेदाराने पीएफ-ईएसआय भरल्याची चलनं. कामगारांच्या वयाचे दाखले. वापरलेलं कटिंग ऑइल कुणाला देता, त्याची पावती. कूलंट कुठे सोडता. दप्तरं किती वाटली यालाही एक रकाना आहे, शेवटच्या पानावर.

मागच्या खेपेला ऑडिटर आला तो ऑफिसात बसलाच नाही. आधी संडास बघितले. मग फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख वाचली. मग ठेकेदाराच्या दोन पोरांना पाण्याच्या टाकीमागे नेऊन हिंदीत पगार विचारला. आमचा सुपरवायझर मागे जायला लागला तर त्याला हाताने थांबवलं. भिंतीवर आमचा वृक्षारोपणाचा फोटो लावलेला होता. ऑडिटरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणजे काकांचं गेट आता आमच्या धंद्यात कागदावर आलंय. ज्याचं गेट खराब, त्याची ऑर्डर जाते. फाटक्या_खिशाचा म्हणतात ते किरकोळ गिऱ्हाइकाबद्दल खरं असेल. कंपनीचं गिऱ्हाईक कंपनी असते तेव्हा हिशेब वेगळा पडतो.

कळवणची_लेक

सगळे सीएसआरच्या विरोधातच बोलताहेत, मी उलट बाजू मांडते.

मी एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवते. दोन कंपन्यांनी आम्हाला मदत केली. एकीने मशीन दिलं. महागाचं, चकाचक. ते चालवायला लागणारा थ्री फेज पुरवठा आमच्याकडे पुरेसा नव्हता, त्यामुळे बरेच महिने ते प्लास्टिकच्या कव्हरात होतं. पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढायची. दुसऱ्या कंपनीने मशीनबिशीन काही दिलं नाही. त्यांच्या मेंटेनन्सचा एक जुना फोरमन दर शनिवारी पाठवतात. तो येतो, डबा खातो, बेअरिंग हाताने फिरवून नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते पोरांकडून ओळखून घेतो. चुकलं की सगळ्यांसमोर हसतो, पण सांगतो. इंटरव्ह्यूच्या दिवसांत पोरं काय विचारतात माहीत आहे? "मॅडम, शनिवारवाल्या सरांच्या कंपनीत लागेल का?"

याला नाव होणं म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

देवळालीचा_सीए

ताई, यातला विनोद असा, की त्या फोरमनच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. वस्तू किंवा सेवा अशा रूपाने दिलेलं पैशात मोजून धरता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलंय. म्हणजे ज्याने नाव झालं ते अहवालात शून्य, आणि कव्हरातलं मशीन, पैसे मोजून विकत आणलेलं म्हणून, पूर्ण किमतीने धरलेलं.

अनुस्वार

कंपनीला जे येतं ते तिने द्यावं, असा याचा अर्थ. नाशकातच बघा, मागच्या सिंहस्थाच्या वेळी कुंभथॉनमध्ये पोरांनी गर्दी, पार्किंग, आरोग्य यांवर डोकं चालवलं. पुढे टीसीएस फाउंडेशनने इथे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर नावाचं नवकल्पना केंद्र उभं केलं. सॉफ्टवेअर कंपनीने सॉफ्टवेअरवाल्या पोरांना हाताशी धरलं. इंजिनिअरिंगच्या मुलांत त्याचं नाव आहे. त्याच कंपनीने ब्लँकेटं वाटली असती तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवलं नसतं.

बाकी टाटांचं उदाहरण कुणी अजून कसं दिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

सिन्नरकर

टाटांचं उदाहरण सगळेच देतात, मालक मंडळी तर हमखास. पण टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्साच धर्मादाय ट्रस्टांकडे आहे. तुमच्या मालकांना विचारा, दोनाच्या जागी सहासष्ट टक्के देता का? चहा थंड होईल.

गोदाकाठी

😄 विचारत नाही. पुढचे प्रस्ताव बंद होतील.

मी सोमवारी काय बोलायचं ते आता बरंचसं ठरलंय. नवीन काही सुचवणारच नाही. मागच्या पाच-सहा वर्षांत जिथे जिथे पैसे दिले त्या जागांची यादी काढायला लावतो, आणि फोटोग्राफर न घेता एकदा फिरून या म्हणतो. झाडं जगली का, संगणक सुरू आहेत का, रंगवलेल्या शाळेच्या संडासात पाणी आहे का. या वर्षीचे बारा-पंधरा लाख त्यातल्या बंद पडलेल्या गोष्टी उभ्या करायला घाला. ठेकेदाराच्या पोरांच्या पगाराची तारीख हा सीएसआरचा विषय नाही, त्याचे पैसे त्यातून दाखवता येणार नाहीत हे मला कळतं, पण विषय तिथूनच काढणार. त्यांना राग येईल. येऊ दे. एचआरमध्ये असताना हेच बोलायची सोय नव्हती.

सीए साहेब, एक शंका. दुरुस्तीला पैसे लावलेले चालतात का? रानवाट ताईंच्या टाकीसारखं "प्रोजेक्ट क्लोज" होऊ नये म्हणून काय करता येईल?

देवळालीचा_सीए

चालतात, पण आधीच तसं बांधून घ्यायला हवं. पहिल्या दिवसापासून तो "चालू प्रकल्प" म्हणून संचालक मंडळात मंजूर करून घ्या. नियमात अशा प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात. म्हणजे टाकी बांधणं पहिल्या वर्षी आणि देखभाल पुढची तीन, असं एकाच अंदाजपत्रकात बसवता येतं. बहुतेक जण बांधकामाचं बिल निघालं की फाइल बंद करतात, कारण मोकळं व्हायची घाई असते.

दुसरं, मालकीचं. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे गेली पाहिजे. हस्तांतराचा कागद नुसता सही करून ठेवू नका, ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रजिस्टरला नोंद झाल्याचा उतारा फाइलला लावा. ताईंच्या पाड्यावर नेमकी हीच नोंद राहिलेली दिसते.

तिसरं, परिणाम तपासायला स्वतंत्र संस्था नेमायची सक्ती आहे, पण सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर लागणाऱ्या कंपन्यांनाच, आणि तीही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांसाठी. तुमच्या मालकांना ती लागू नाही. त्यांच्या टाकीवर पुन्हा जाऊन बघा असं सांगणारा कायदा नाही. गेले तर स्वतःच्या मनाने जातील.

रानवाट

देखभालीचे पैसे कंपनीकडेच राहिले तर पुन्हा प्रत्येक वेळी ईमेल आणि अप्रूव्हल. आमच्या दुसऱ्या एका पाड्यावर बचत गटाच्या बायका घरटी महिना वीस रुपये जमवतात. होळीला आणि छाटणीहून लोक परत आले की मागची बाकी वसूल करतात, उधारीची वेगळी वही आहे. गावातल्या दोन पोरांना पंपवाल्याकडे चार दिवस पाठवलं होतं. फ्यूज, फ्लोट, नळाचे वायसर हे सगळं तीच करतात. मोठा खर्च आला तरच कंपनीला फोन. ती टाकी चालू आहे. तिथेही कंपनीचंच नाव घेतात, पण बरं घेतात.

आणि पाहणी करायची तर मे महिन्यात या. पाणीही कळेल आणि माणसंही भेटतील.

तिसरी_शिफ्ट

मालकांना मे महिन्यात न्याच काका. एसी गाडी पाड्याच्या अलीकडेच थांबवा म्हणावं.

सिन्नरकर

सगळं ठरलं, पाटीचं कुणी बोललंच नाही. पाटी केवढी ठेवायची?

रानवाट

पाटी कितीही मोठी लावा, पण तिच्यावर दुरुस्तीवाल्याचा मोबाइल नंबर टाका. आमच्याकडच्या एकाही पाटीवर नाही. प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सौजन्य, सगळ्यांची नावं आहेत.

देवळालीचा_सीए

पण संगमरवरात कोरू नका. वर्षात नंबर बदलतो. पत्र्यावर ऑइल पेंटने लिहा, आणि डबा बचत गटाकडे ठेवून द्या.

गोदाकाठी

लिहून घेतलं. रानवाट ताई, त्या कोरड्या टाकीच्या कंट्रोलरचं मॉडेल आणि दुरुस्तीवाल्याने दिलेलं कोटेशन असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोमवारी जाताना बरोबर नेतो, कंपनी वेगळी असली तरी विचारून बघायला काय जातंय.